उत्तरांची पानं

बीजगणितातले अपूर्णांक शिकवणारा मास्तर म्हणून बेळगावात माझं थोडंफार नाव झालं. निवृत्त झालो तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी हार घातले. एकाने भाषणात सांगितलं, की सरांनी आम्हाला गणितावर प्रेम करायला शिकवलं. मी मान डोलावली. जे खरं होतं, ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. पहिली काही वर्षं तरी मी ते अपूर्णांक प्रेमानं शिकवले नाहीत. एका माणसाला वर्गासमोर खाली मान घालायला लावायची होती, म्हणून शिकवले. आणि ते जमलं.

आमचं गाव निपाणीहून चिकोडीकडे जाताना लागतं. आम्ही जैन शेतकरी, घरची तंबाखूची शेती. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी, जी आमच्या बाजारातल्या मराठीशी फारशी जुळत नव्हती. इंग्रजी शाळेसाठी मी बेळगावला आलो आणि समाजाच्या बोर्डिंगात राहू लागलो. पहिलं महायुद्ध तेव्हा संपत आलं होतं.

शाळेत बीजगणिताचे एक मास्तर होते. सडपातळ, नीटनेटके, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बोटं पांढरी होऊ नयेत म्हणून खडूला कागद गुंडाळून धरायचे. आवाज गोड होता. त्यांना मी अजून अहो-जाहो करतो ते आदरानं नव्हे, जिभेला सवय लागली म्हणून.

दर जूनमध्ये पहिल्या तासाला ते एक काम करायचे. प्रत्येकाच्या पुस्तकाची शेवटची पानं, ज्यांत उत्तरं छापलेली असतात ती, दाढीच्या पातीनं कापून घ्यायचे आणि आपल्या कपाटात ठेवायचे. "उत्तर बघून गणित करणं म्हणजे चोरी," असं म्हणायचे. आम्हाला ते पटायचं. वर्गात उत्तरांची पानं फक्त त्यांच्याच पुस्तकाला असायची. गणित सोडवून झालं, की ते पान उलटून बघायचे आणि मग बरोबर किंवा चूक सांगायचे. पान न बघता त्यांनी कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. पण हे मला फार उशिरा कळलं.

अपूर्णांक सुरू झाले त्या आठवड्यात त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. अंशात एक्स अधिक तीन, छेदात एक्स अधिक पाच. "सरळ रूप दे." मी वरच्या एक्सला काट मारली, खालच्या एक्सला काट मारली, आणि तीन भागिले पाच लिहून मोकळा झालो.

मास्तरांनी खडूवरचा कागद नीट केला. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा. या पाटलांच्या शेतातला विळा आपल्या वर्गात आला. दिसेल ते कापायचं."

वर्ग हसला. मी विचारलं, "मास्तर, काय चुकलं?"

"काय चुकलं? काट्याला विचारायचंय काय चुकलं!" पुन्हा हशा. "जा, बस जाग्यावर."

त्या दिवसापासून मी काट्या, म्हणजे दिसेल त्याला काट मारणारा. बोर्डिंगात काट्या, मैदानावर काट्या, खडेबाजारातून चाललो तरी पाठीमागून काट्या. माझं उत्तर चूक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण का चूक ते त्यांनी सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. ते मला माझंच शोधावं लागलं. बोर्डिंगाच्या पायरीवर बसून मी एक्सच्या जागी एक घातला. वर चार आले, खाली सहा. चार सहांश म्हणजे दोन तृतीयांश. तीन पंचमांश कुठे आणि दोन तृतीयांश कुठे! मग दोन घातले, मग दहा घातले. दर वेळी वेगळंच यायचं. तेव्हा लक्षात आलं, की गुणाकारात असलेली गोष्ट वरखाली काटता येते, बेरजेत अडकलेली काटता येत नाही. मला इतका आनंद झाला, की मी धावत जाऊन स्वयंपाक्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, आता भोपळा चीर."

तेव्हापासून मला खोड लागली. कुठलंही उत्तर आलं, की एक्सच्या जागी एखादा आकडा घालून दोन्ही बाजू ताडून बघायच्या. मॅट्रिकच्या वर्गात जाईपर्यंत माझं बीजगणित वर्गातल्या कुणापेक्षाही पक्कं झालं होतं. मास्तरांच्या लेखी मात्र मी काट्याच राहिलो.

मॅट्रिकला बसायचं तर आधी शाळेची प्रिलिम पास व्हावी लागायची. पास झालेल्यांचेच फॉर्म शाळा मुंबईला पाठवायची. प्रिलिमच्या बीजगणितात एक गणित होतं. एक भागिले दोन वजा एक्स, त्यातून एक भागिले तीन वजा एक्स वजा करायचे. सोपं होतं. माझं उत्तर आलं, वर एक, खाली दोन वजा एक्स आणि तीन वजा एक्स यांचा गुणाकार. ताडून बघितलं, बरोबर होतं. पेपर हातात आला तेव्हा त्यावर लाल फुली होती आणि मला पास व्हायला चार मार्क कमी पडत होते. त्या गणिताला पाच होते.

मी पेपर घेऊन मास्तरांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी पान उलटून बघितलं. "पुस्तकात एक्स वजा दोन आणि एक्स वजा तीन असं आहे. तुझं उलटं आहे."

"मास्तर, दोन्ही कंस उलटे झालेत. दोन वजा चिन्हं एकमेकांना मारतात. एकच आहे ते. एक्सच्या जागी पाच घाला. पुस्तकातलं एक षष्ठांश, माझंबी एक षष्ठांश."

"पुस्तक लिहिणाऱ्या साहेबापेक्षा तू शहाणा?"

"घालून तरी बघा, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नंतर पेपरकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, हे आता बघतील. वर्ग ऐकत होता. त्यांनी पेपर दुमडून माझ्या हातात दिला. "काट्या, बस जाग्यावर."

माझा फॉर्म गेला नाही. बोर्डिंगच्या गृहपतींनी गावी चिठ्ठी धाडली, तसे आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. धोतर, पटका, पायांवर वाटेची लाल माती. शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांना गाठून ते हात जोडून उभे राहिले. मी दोन हात मागे. तास बदलत होता, मुलं येत-जात होती. मास्तर आवाज न चढवता, अगदी गोडपणे म्हणाले, "तुमच्या मुलाचं डोकं तंबाखूत चालेल. बीजगणितात चालणार नाही. उगाच वर्षं घालवू नका."

आप्पा म्हणाले, "व्हय जी. लई उपकार झालं."

त्यांनी मास्तरांचे आभार मानले! परतीच्या वाटेवर मी त्यांच्यापुढे दहा पावलं चालत राहिलो. मनात एकच होतं. तो व्हरांडा, ते जोडलेले हात, आणि ती बटणं.

वर्षभर मी सकाळ-संध्याकाळ आप्पांच्या हाताखाली शेतात राबलो आणि दिवसा निपाणीच्या एका वखारीत तंबाखूच्या पोत्यांवर खुणा घालायचं काम केलं. नाकात सदा तिखट धूळ. दुपारी कामकरी बाया जेवायला बसल्या, की मी जुन्या वह्या काढायचो. त्यात मास्तरांचं एक खास गणित उतरून घेतलेलं होतं. दर वर्षी शाळा तपासायला साहेब आला, की मास्तर तेच गणित फळ्यावर करून दाखवायचे. चार अपूर्णांकांची बेरीज. एक भागिले एक वजा एक्स, एक भागिले एक अधिक एक्स, मग दोन भागिले एक अधिक एक्सचा वर्ग, मग चार भागिले एक अधिक एक्सचा चौथा घात. पहिले दोन मिळवले, की तिसऱ्याशी जुळायचे, तिघे मिळून चौथ्याशी. शेवटी सगळा पसारा जाऊन एकच लहानसा अपूर्णांक उरायचा. बघायला खरंच देखणं होतं. साहेब लोक टाळ्या वाजवायचे.

वखारीत एका दुपारी मी त्यात एक्सच्या जागी दोन घातले. चार अपूर्णांकांची बेरीज आली वजा आठ भागिले दोनशे पंचावन्न. मास्तरांच्या उत्तरात दोन घातले, तर आले अधिक आठ भागिले दोनशे पंचावन्न. मी तीनदा करून बघितलं. मग चूक सापडली. खरं उत्तर होतं आठ भागिले एक वजा एक्सचा आठवा घात. मास्तर शेवटच्या ओळीत म्हणायचे, "मोठा घात आधी लिहावा, शोभून दिसतो," आणि खाली एक्सचा आठवा घात वजा एक लिहायचे. एकच कंस उलटा केला, म्हणजे चिन्ह बदलायला हवं. ते बदलायचे नाहीत, कारण पुस्तकाच्या पानावर छापणाऱ्यानं तसंच चुकीचं छापलं होतं; ते मी पुढे एका न कापलेल्या प्रतीत बघितलं.

माझे दोन कंस उलटे झाले, ते बरोबर असून माझं वर्ष गेलं. यांचा एक कंस उलटा, तो चूक असून टाळ्या. पोत्याला पाठ टेकून मी मोठ्यानं हसलो. बाया म्हणाल्या, "येडं झालं काय रं?" मी कुणाला काही सांगितलं नाही. ते गणित मी जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतून बसून मी मॅट्रिक झालो. कोल्हापूरला राहून गणित घेऊन बी.ए. केलं. मास्तरकी धरली, दोन-तीन गावं हिंडलो. आणि त्याच बेळगावच्या शाळेत जागा निघाली तेव्हा हातातली बरी नोकरी सोडून अर्ज केला. हेडमास्तरांनी विचारलं, "इथंच का यावंसं वाटलं?" मी म्हणालो, "माझी जुनी शाळा आहे." ते खूश झाले.

बीजगणिताचे मास्तर तिथेच होते. केस पिकले होते, बटणं तशीच. मॅट्रिकचा वर्ग त्यांच्याकडे होता. मला म्हणाले, "या, या. निपाणीकडचे ना?" मी म्हणालो, "हो सर." त्यांनी मला ओळखलं नाही असं मी धरून चाललो. मला तेच हवं होतं.

माझ्याकडे खालचे वर्ग आले, ज्यात अपूर्णांक सुरू होतात. हीच मुलं दोन वर्षांनी त्यांच्यापुढे जाऊन बसणार होती. मी त्यांना असं तयार केलं, जसा कुणी पहिलवान तयार करतो, आणि कुस्ती कुणाशी लावायची ते आधीच ठरवून. एक्स अधिक तीन भागिले एक्स अधिक पाच मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं आणि काट कुणाकुणाला मारावीशी वाटते ते विचारलं. निम्म्या वर्गाचे हात वर. कुणाला हसू दिलं नाही. "मारा काट. आता एक्सच्या जागी एक घाला." चार सहांश आणि तीन पंचमांश शेजारी शेजारी बसले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "ह्ये न्हाय जुळत, सर!" "का न्हाय जुळत ते तूच सांग," मी म्हणालो, आणि त्याला सांगेपर्यंत थांबलो. पूर्ण तास गेला. जाऊ दिला.

उत्तरांची पानं मी कापली नाहीत. उलट ती उघडून ठेवायला लावली आणि सांगितलं, की छापलेलं खरं असतंच असं नाही. प्रत्येक उत्तर दोन आकडे घालून ताडायचं. छेद शून्य होईल असा आकडा घ्यायचा नाही, आणि का घ्यायचा नाही ते मला समजावून सांगायचं. उत्तर उलटं दिसलं, तर किती कंस उलटे झाले ते मोजायचं. आणखी एक गोष्ट मी घोकून घेतली. कुणी मोठ्या माणसानं उत्तर सांगितलं आणि शंका आली, तर उभं राहून अगदी नम्रपणे म्हणायचं, "सर, किंमत घालून बघू का?" आवाज चढवायचा नाही. हसायचं नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभर वेळा म्हणवून घेतलं असेल. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय शिस्त लावलीय! मला मात्र ते म्हणताना पुढे कोण उभा असेल ते दिसत असायचं.

दोन वर्षांनी तो वर्ग मास्तरांकडे गेला. पंधरा दिवसांत शिक्षकांच्या खोलीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. "तुमची मुलं फार विचारतात हो."

"लहान आहेत, सर. विचारू द्या."

"प्रत्येक गणिताला किंमत घालून बघू का, किंमत घालून बघू का! अभ्यासक्रम कधी संपवायचा?"

"मी समज देतो," मी म्हणालो. दिली नाही. त्या दिवशी घरी जाताना मला वाऱ्यावर चालल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी मुलांना बाकावर उभं केलं, वर्गाबाहेर काढलं. मुलं बाकावर उभी राहूनही तेच विचारायची. ते पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना आता मध्येच थांबतात, असं एका मुलानं मला सांगितलं. "दर तासाला खडू मोडतो त्यांचा, सर." मी त्याला विचारलं, "किती वेळा?" इतकं मला हवं होतं ते.

मग कळलं, की धारवाडहून इन्स्पेक्टरसाहेब येणार. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, की मी माझ्या त्या जुन्या वर्गातल्या मुलांचे जादा तास घ्यायचो. तपासणीच्या आधीच्या शनिवारी मी फळ्यावर ते चार अपूर्णांक लिहिले. मुलांनी सोडवले, दोन घालून ताडले, तीन घालून ताडले. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. मी म्हणालो, "छान. हे लक्षात ठेवा." एवढंच. पुस्तकात काय आहे ते बोललो नाही.

तपासणीच्या दिवशी माझा तास मोकळा होता. इतर शिक्षकांबरोबर मीही वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभा राहिलो. हेडमास्तर होते. साहेब खुर्चीत बसले होते, मूळचे धारवाडकडचे, मराठी बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचा. मास्तरांनी खडूला कागद गुंडाळला आणि सुरुवात केली. खडू एकदाही मोडला नाही. हे गणित त्यांचं होतं. पहिले दोन जुळले, तिसरा जुळला, चौथा जुळला. "मोठा घात आधी लिहू या, शोभून दिसतो," ते म्हणाले आणि शेवटची ओळ लिहिली. साहेबांनी टाळीसाठी हात उचलले.

तोच वर्गातले हात वर झाले. एक नाही, दोन नाही. जवळजवळ सगळा वर्ग.

साहेब हसले. "काय विचारायचं आहे इतक्या सगळ्यांना?" आणि त्यांनी भिंतीलगतच्या बाकाकडे बोट केलं. त्या वर्गात दोनच मुली होत्या. त्यातली एक कडोलीची, शेतकऱ्याची लेक, शिकायला मामाकडे बेळगावात राहायची. कमी बोलायची. ती उठली आणि मी शिकवलं होतं तसंच, खालच्या आवाजात म्हणाली, "सर, किंमत घालून बघू का?"

मास्तर म्हणाले, "आत्ता नको. बस."

"का? बघू दे की," साहेब म्हणाले. "ये बाळ, फळ्यापाशी ये."

तिनं खडू घेतला. एक्सच्या जागी दोन. वजा एक, अधिक एक तृतीयांश, अधिक दोन पंचमांश, अधिक चार सतरांश. तिचं अक्षर लहान आणि सरळ होतं. वजा आठ भागिले दोनशे पंचावन्न. मग मास्तरांच्या ओळीखाली तिनं दोनशे छप्पन वजा एक मांडलं आणि अधिक आठ भागिले दोनशे पंचावन्न लिहिलं. खडू ठेवून ती बाजूला झाली.

मास्तर म्हणाले, "चिन्हाचा किरकोळ फरक आहे, साहेब. दोन्ही एकच."

दोन्ही एकच! मागच्या भिंतीला मी इतका घट्ट टेकलो होतो, की चुना माझ्या कोटाला लागला. साहेब उठले, फळ्याजवळ गेले, आणि त्यांनी स्वतः खडू घेतला. अर्ध्या मिनिटात ते वळले. "एक कंस उलटला आहे तुम्ही. चिन्ह नाही बदललं. एकच कसं होईल?"

"पुस्तकात तसंच आहे," मास्तर म्हणाले आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

साहेबांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही. "किती वर्षं हे असं दाखवता, मास्तर?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मान खाली घातली. मुलं हसली नाहीत, मी त्यांना हसायचं नाही असं शिकवलं होतं. त्या शांततेत ते जितके लहान दिसले, तितके हशात दिसले नसते. मी डोळे भरून बघितलं. घाई केली नाही.

संध्याकाळी मी खडेबाजारात जाऊन कुंदा खाल्ला. एकट्यानंच. इतका गोड कुंदा मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

आठवड्याभरात मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे आला. मास्तरांना खालच्या इयत्तांचे पाढे आणि शुद्धलेखन दिलं. शनिवारी मी गावी गेलो आणि आप्पांना सगळं सांगितलं, अगदी साहेबांच्या आवाजासकट. आप्पा तंबाखूची रोपं बघत होते. ते वर बघून घरच्या कन्नडात म्हणाले, ते मी बाजारातल्या मराठीत सांगतो, "त्यो गोड बोलनारा मास्तर व्हय? त्येनं माझं लई भलं केलंतं."

"भलं? तुमी हात जोडून हुबं हुता, आप्पा! त्यानं तुमचा अपमान केला."

"आरं, तू घरला परत येनार म्हून मी उपकार मानलं. मला हाताखाली मानूस नव्हतं. तू शिकत गेलास की परत येनार न्हाईस, ह्ये मला म्हाईत हुतं." त्यांनी एक रोप सरळ केलं. "एक वरीस तरी मिळालास."

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी जळत होतो, तो अपमान त्यांना झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघून आलो. पण मास्तरांवरचा राग त्यानं कमी झाला असं नाही. आप्पांचा हिशेब वगळला, तरी माझा बाकी होता.

दिवाळीच्या सुटीआधी मास्तरांनी राजीनामा दिला. कपाट रिकामं करायला आले तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. कपाटातून कापलेल्या पानांचे गठ्ठे निघाले, कित्येक वर्षांचे, सुतळीनं बांधलेले. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही काट्या. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली." मग ते खुर्चीत बसले. "प्रिलिमचं तुमचं उत्तर बरोबर होतं. घरी जाऊन पाच घालून बघितलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"फॉर्म तेव्हा गेले नव्हते."

"नाही. आठ दिवस होते." त्यांनी एका गठ्ठ्याच्या सुतळीची गाठ घट्ट केली. "वर्गासमोर नाही म्हटलं होतं ना. मागे घेता येईना."

पुढे त्यांना काही म्हणायचं असावं. मी ते म्हणू दिलं नाही. मनात दया येते का म्हणून मी वाट बघितली, ती आली नाही. त्यांनी मला ओळखलं होतं, माझ्या मुलांचे प्रश्न ऐकले होते, त्यांना बाकावर उभं केलं होतं, आणि तरी त्या दिवशी तेच गणित काढलं होतं. मूर्ख माणूस, मला वाटलं. अजूनही वाटतं. मी म्हणालो, "दार ओढून घ्या जाताना," आणि वह्या तपासायला लागलो. पुढे ते लोंढा गावी मुलाकडे राहायला गेले असं ऐकलं. मी चौकशी केली नाही.

सुटी संपून वर्ग भरला, तेव्हा भिंतीलगतच्या बाकावर एकच मुलगी होती. कडोलीची आली नव्हती. दुसरीनं सांगितलं, की तपासणीची गोष्ट गावभर झाली. मास्तरांना साहेबापुढं खाली पाडणारी पोरगी म्हणून लोक तिला ओळखायला लागले. मामाच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारायला लागली. मामानं तिला कडोलीला परत पाठवलं. स्थळं बघताहेत.

मी सायकलवरून कडोलीला गेलो. तिचा थोरला भाऊ अंगणात बसला होता. त्यानं पाणी दिलं, मान दिला, पण ऐकून घेतलं नाही. "सर, झालं तेवढं शिक्षान लई झालं. पोरीच्या जातीला इतकं तोंड बरं न्हाय."

"तिनं तोंड केलं नाही. अगदी नम्रपणे विचारलं."

"त्येच तर लोक म्हनत्यात. इतकं नम्र की मास्तर उठून गेला."

मी निघालो तेव्हा ती गोठ्याच्या बाजूनं आली. हात शेणानं भरलेले होते, ते तिनं पाठीमागे घेतले. भावाकडे एकदा बघून तिनं मला विचारलं, "सर, त्ये गणित तुमी आमास्नी आदल्या शनवारीच का घातलं हुतं?"

मी म्हणालो, "सराव म्हणून."

"पुस्तकात चुकीचं छापलंय, ह्ये तुमास्नी म्हाईत हुतं?"

भाऊ आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाही."

"व्हय सर," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या माघात तिचं लग्न झालं. निमंत्रण आलं होतं, मी गेलो नाही. मॅट्रिकच्या त्या वर्गातली बहुतेक सगळी मुलं बीजगणितात चांगल्या मार्कांनी पास झाली आणि हेडमास्तरांनी सभेत माझं कौतुक केलं. मास्तरांचं मला आजही वाईट वाटत नाही. दुसऱ्या कुणी अंगणात हात मागे घेऊन मला तो प्रश्न विचारला असता, तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. जिची शाळा माझ्या डावामुळे सुटली, तिला मात्र नाही सांगितलं. तिनं माझं खोटं तेव्हाच ओळखलं असणार.